पोमोना, पहाट आणि व्ही-८

एलएला गेलात की हॉलिवूड, डिस्नेलँड, सांता मोनिकाचा बीच... हे सगळं होणारच. पण गाड्यांचा किडा चावलेला असेल, तर एक रविवार पोमोनासाठी राखून ठेवा. शहराच्या पूर्वेला साधारण ५० किलोमीटरवर, फेअरप्लेक्सच्या मैदानात, वर्षातून काही वेळा जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा बाजार भरतो. तोही पहाटे पाचला! अंधारात बॅटऱ्या मारत लोक गंजके गिअरबॉक्स उलटेपालटे करत असतात. पुण्याचा जुना बाजार आठवतो, फक्त इथे सगळंच आडमाप.

आम्ही आलो होतो इंजिन घ्यायला. अर्वाइनला राहणारा माझा मावसभाऊ, आमचा दादा, हॉट रॉड बांधतोय. १९३२ च्या फोर्डची बॉडी आणि चासी गॅरेजमध्ये तयार, इंजिनाची जागा रिकामी. वहिनीची अट एकच: पैसे एकदाच मिळतील. इंजिन फसलं, तर गाडी पुढची दोनेक वर्षं ताडपत्रीखाली.

दादाचा जीव फ्लॅटहेडवर. १९३२ मध्ये फोर्डनं हे व्ही-८ सामान्यांच्या खिशाला परवडेल अशा गाडीत बसवलं. २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर. इथल्या पोरांनी त्या गाड्यांचे मडगार्ड, बॉनेट सगळं उतरवलं, इंजिनं तासूनतासून तयार केली आणि म्युरॉक, एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर सुसाट सोडली. मग '३२ च्या फोर्डात शेव्हरलेचं इंजिन टाकणं म्हणजे पुरणपोळीवर केचप, असं दादाचं मत. (तो पुरणपोळीवर मेपल सिरप घेतो, ते सोडा.)

पण फ्लॅटहेडचं दुखणं पोटात असतं. त्याचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या आतूनच बाहेर पडतो, त्यामुळे सगळी उष्णता थंड करायच्या पाण्यात उतरते. इंजिन तापतं आणि ओतीव लोखंडाला व्हॉल्व्हजवळ तडे जातात. नुसत्या डोळ्यांना ते दिसतीलच असं नाही. मशीन शॉपमध्ये ब्लॉकला चुंबकत्व देऊन वर लोखंडाची बारीक पूड टाकतात. तडा असेल तिथे पूड रेघ धरते. एक फ्लॅटहेड दादाला भलतंच आवडलं. त्यानं विचारलं, ‘आधी टेस्ट, मग पैसे?’ विकणारे आजोबा गोड हसले आणि नाही म्हणाले.

दुसरा पर्याय शेव्हरलेचं स्मॉल ब्लॉक. १९५५ मध्ये ते आलं आणि हॉट रॉडवाल्यांनी बघता बघता पक्ष बदलला. त्यातलं १९६७ पासूनचं ‘३५०’ म्हणजे ५.७ लीटर, आपल्या मारुती ८०० ची सात इंजिनं मावतील! पार्ट्स कुठेही मिळतात. एकच कटकट, डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला, त्यामुळे '३२ च्या फायरवॉलमध्ये खाच करावी लागते. १९९७ नंतरची एलएस इंजिनं जास्त दमदार आहेत, मान्य. पण कॉम्प्युटर आणि वायरिंगचं जंजाळ घेऊन हॉट रॉड कसला बांधायचा? मला तरी नाही पटत.

बाजारात खरी गंमत अशी की ‘३०५’ आणि ‘३५०’ बाहेरून जुळे भाऊ. स्ट्रोकही सारखाच, ३.४८ इंच. फरक बोअरचा. म्हणून आधी ब्लॉकच्या मागच्या कडेवरचा ओतीव नंबर वाचायचा, दादानं घरूनच यादी आणली होती. हेड उतरवलेलं एक इंजिन सापडलं. नंबर जुळला. मग त्यानं खिशातून व्हर्नियर काढला. चार इंच आणि वर केसभर! म्हणजे ३५० खरंच, पण एकदा बोअर करून झालेलं. एवढ्या मुद्द्यावर भाव बराच खाली आला.

पिकअपमध्ये इंजिन चढवेपर्यंत नऊ वाजले होते. दादा अजून फ्लॅटहेडवाल्या आजोबांच्या टेबलाकडे बघत होता. वहिनीला फोन मीच लावला.