सेंट लॅम्बर्टचा फ्रेंच वर्ग

इंग्रजी माध्यमाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "मुलं लहान असतात हो, कोणतीही भाषा पटकन उचलतात. कॅनडातच बघा ना!" कॅनडात नेमकं काय झालं, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आज ती गोष्ट.

मॉन्ट्रियलच्या समोर, सेंट लॉरेन्स नदीपलीकडे सेंट लॅम्बर्ट नावाचं उपनगर आहे. प्रांत क्वेबेक. तिथे बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण त्या काळी मोठे उद्योग आणि वरच्या नोकऱ्या इंग्रजीभाषकांकडे. दोघांच्या शाळाही वेगळ्या. इंग्रजी शाळेत फ्रेंच शिकवत, पण वर्षानुवर्षं शिकूनही मुलांना शेजाऱ्याशी धड बोलता येत नसे. १९६० नंतर फ्रेंचभाषक आपल्या भाषेचा हक्क मागू लागले. तेव्हा काही इंग्रजीभाषक पालकांना वाटलं, इथेच राहायचं तर मुलांना ही भाषा यायलाच हवी. ऑल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील या तिघी त्यांत पुढे होत्या. १९६३ पासून हे पालक शाळामंडळाच्या मागे लागले. मंडळ राजी होईना. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि मेंदूतज्ज्ञ वाइल्डर पेनफिल्ड यांनी त्यांना पाठबळ दिलं. अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये २६ मुलांचा बालवाडीचा एक वर्ग सुरू झाला.

बाई पहिल्या दिवसापासून फ्रेंचच बोलत. मुलं सुरुवातीला इंग्रजीत बोलली तरी चालत असे. पहिलीत लिहिणं-वाचणंही फ्रेंचमध्येच. दुसरीपासून रोज थोडा वेळ इंग्रजी आली, पुढे ती वाढत गेली आणि सहावीपर्यंत निम्म्याहून अधिक शिक्षण इंग्रजीत होऊ लागलं. मुलं वर चढत गेली तसा दरवर्षी एकेक वर्ग वाढला.

लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी मुलांना वर्षानुवर्षं तपासलं आणि १९७२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. सुरुवातीला इंग्रजी वाचनात मुलं मागे पडली, पण इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर लवकरच बरोबरीला आली. गणित फ्रेंचमधून शिकली, तरी इंग्रजीतल्या चाचणीत कमी पडली नाहीत. फ्रेंच ऐकून, वाचून उत्तम समजे. बोलणं मात्र अगदी फ्रेंच मुलांसारखं झालं नाही. हेही त्यांनी लपवलं नाही. आज कॅनडात चार लाखांहून अधिक मुलं अशा वर्गांत शिकतात.

आता आपल्याकडे या. घरी मराठी बोलणारं मूल इंग्रजी शाळेत घातलं, म्हणजे सेंट लॅम्बर्टच झालं, असं वरवर वाटतं. पण त्या मुलांची इंग्रजी कोणाच्या भीतीत नव्हती. घरात तीच, दूरदर्शनवर तीच, नोकरीच्या बाजारात तीच आणि शाळेतही ती ठरवून परत आणलेली. स्वतः लॅम्बर्ट यांनीच पुढे हा फरक मांडला. पहिली भाषा भक्कम राहून दुसरी मिळाली, तर ती भर. दुसरी येताना पहिली झिजली, तर ती वजाबाकी. प्रतिष्ठा कमी असलेल्या भाषेच्या मुलांना हा दुसरा धोका असतो, हे त्यांनी बजावलं होतं. कॅनडाचं उदाहरण देणारे नेमकं हेच गाळतात.

आमच्या इमारतीतली मुलं मराठी फडाफडा बोलतात. पण दुकानाची पाटी इंग्रजीत असली तर वाचतात, मराठीत असली तर "आजी, काय लिहिलंय?" म्हणून मला विचारतात. हुशार आहेत सगळी. त्यांची भर कुठे झाली आणि वजाबाकी कुठे, हे मला शिक्षिका म्हणून स्पष्ट दिसतं.

इंग्रजीला माझा विरोध नाही. २००० साली आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा मी ती आनंदाने शिकवली. २०२० च्या कायद्याने सगळ्याच शाळांत मराठी सक्तीची झाली, हेही बरं झालं. पण सक्तीचा एक तास म्हणजे भाषेला मान नव्हे. सेंट लॅम्बर्टच्या पालकांनी दुसऱ्याची भाषा मिळावी म्हणून दोन वर्षं मंडळाचे उंबरठे झिजवले. आपल्याला तर आपलीच राखायची आहे. घरात रोज एक पान मराठी मोठ्याने वाचायला कोणत्या मंडळाची परवानगी लागते?