बेंचवरचा बारावा

आमच्या हॉस्टेल टीममध्ये मी दोन वर्षं बेंचवरच. कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी कच्चं, सांभाळून घ्या. पण बेंचचे नियम मला पाठ आहेत. मैदानाबाहेर बसलो म्हणून सुटका नसते बरं का! २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाच्या कानिजियाला स्वीडनविरुद्ध बेंचवरूनच रेड कार्ड मिळालं, अख्ख्या स्पर्धेत एक मिनिटही न खेळता. रेफ्रीला उलटं बोलणं भोवलं. टीम मात्र अकराचीच राहिली, तो खेळतच नव्हता ना.

पण मला खरं वाईट वाटतं ते कीलच्या एबरवाइनचं. ऑक्टोबर २०१९, जर्मनीची सेकंड डिव्हिजन, समोर बोखुम. बिचारा गोलजवळ वॉर्म-अप करत होता. बॉल बाहेर चाललाय म्हणून त्याने पायाने थांबवला, तर तो पूर्ण रेषेपार गेलाच नव्हता! व्हीएआरने बघितलं. पेनल्टी, वर यलो कार्ड. २०१६ च्या आधी इनडायरेक्ट फ्री किकवर भागलं असतं. पेनल्टीवर गोल झाला, तरी कील २-१ ने जिंकलं, म्हणून वाचला.

आमच्या ग्राउंडवरची फक्की तर हाफटाइमपर्यंत पुसलेली असते. म्हणून मी गोलच्या आसपास फिरकतच नाही, पाण्याच्या टाकीपाशी उड्या मारतो. कॅप्टनला तिथून मी दिसत नाही, हीच पंचाईत.