पगाराचं कुणी बोललं नाही

नऊ हजार. हा आकडा अजून डोक्यातून जात नाही.

नीटमध्ये एमबीबीएसएवढे मार्क पडले नाहीत, म्हणून फिजिओथेरपी. आमच्या बॅचमधल्या बहुतेकांचं असंच. चार वर्षं कॉलेज, सहा महिने इंटर्नशिप. पुढं काय, असं विचारलं की मुलं फुटबॉलचं नाव घ्यायची. कोल्हापूरच ते! शाहू स्टेडियमवर पेठांतल्या तालमींच्या मॅचेस बघत वाढलेली पोरं. कुणाचा गुडघा फिरला की बॅग घेऊन मैदानात आपणच धावणार, हे त्यांचं ठरलेलं. मुलींना ऑस्ट्रेलिया, कॅनडा. मला सेरेब्रल पाल्सी झालेल्या लहान मुलांसाठी काम करायचं होतं. पोलिओच्या साथीनंतर १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएममध्ये देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, हे आम्हाला पाठ होतं. पास झाल्यावर पगार किती मिळतो, हे मात्र साडेचार वर्षांत एकाही तासाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारणं कमीपणाचं वाटायचं.

मुलाखत एका खासगी हॉस्पिटलात होती. सरांनी फाईल उघडलीच नाही. "राहायला कुठं? घरूनच येणार ना? मग तुम्हाला खर्च काय?" नऊ हजार. सकाळी नऊ ते रात्री आठ, रविवारी अर्धा दिवस. वर पहिले तीन महिने बिनपगारी, "शिकायला मिळतंय की." मी म्हटलं, "सर, इंटर्नशिप झालीय, ओटीपीटी कौन्सिलची नोंदणी आहे." त्यावर ते म्हणाले, "लग्न झालं की सोडणारच ना?"

मी नाही म्हटलं. जिन्यात उभं राहून हिशेब केला. माझ्या एका वर्षाच्या फीएवढे पैसे कमवायला या पगारात वर्षाच्या वर गेलं असतं, तेही एक रुपया खर्च न करता. बाहेर बाकावर माझ्याच बॅचमधली मैत्रीण बसली होती. तिनं होकार दिला. तीन महिने मी तिच्याशी बोलले नाही. त्याआधी, तुझ्यासारख्यांमुळेच यांचं फावतं, असं तोंडावर म्हणाले. तिच्या डोक्यावर फीचं कर्ज होतं, माझ्या नव्हतं. ते मला माहीत होतं, तरी म्हणाले.

२०२५ मध्ये ८ सप्टेंबरला आम्ही फिजिओथेरपी दिनाचे फोटो टाकले आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं: फिजिओथेरपिस्टनी 'डॉ.' लावू नये. १० तारखेला ते मागेही घेतलं. तेवढ्यात आमच्या ग्रुपवर शेकडो मेसेज पडले. मीही तावातावानं लिहिलं. नऊ हजारांवर त्या ग्रुपवर कधी चार ओळी आल्या नाहीत, माझ्याही नाहीत.

आता मी स्कूटीवरून घरोघरी जाते. फुलेवाडी, कळंबा, पाचगाव. व्हिजिटला तीनशे. पाचगावचे एक काका लकव्यानंतर सहा आठवड्यांनी उंबऱ्यापर्यंत चालत आले, तेव्हा काकू म्हणाल्या, "डाक्टर, चा घेतल्याबिगर जायचं न्हाई." त्या दिवशी ते 'डॉ.' मला नोकरीपेक्षा मोठं वाटलं. पावसाळ्यात व्हिजिटा बंद पडल्या की तसं वाटत नाही.

यंदा मुलांना या कोर्सला घालणाऱ्या आईवडिलांनो, फी भरण्याआधी मागच्या बॅचचा पगार विचारा. कॉलेजनं सांगितलं नाही, तर गेटवर थांबून इंटर्नशिप करणाऱ्या एखाद्या मुलीला गाठा. ती सांगेल.