जूनचा एप्रिल

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी भाजीपाल्याच्या महागाईचा अंदाज काढत होते. शहरी ग्राहक किंमत निर्देशांकातला भाजीपाल्याचा उपगट, पायाभूत वर्ष 2012, आकडे जानेवारी 2013 पासून महिनावार. कॉलेजात ग्रेटल हे अर्थमितीचं सॉफ्टवेअर शिकवलेलं, तक्तेही त्यातलेच हवे होते. अंदाजासाठी मात्र मला आर या सांख्यिकी प्रोग्राममधलं फोरकास्ट पॅकेज वापरायचं होतं. दोन्ही फुकट मिळतात, हे मोठंच. वरळीच्या बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत राहून घरी परवान्याचे पैसे कोण मागणार!

आधी सरळ मार्ग धरला. ग्रेटलमधून सीएसव्ही काढली, आरमध्ये उघडली. आकडे सगळे आले. मॉडेल आपोआप निवडणारं ऑटो-अरिमा हे फंक्शन चालवलं तर पुढच्या वर्षाची रेघ जवळजवळ सपाट. आई मागून बघत होती. म्हणाली, "अगं, पावसाळ्यात भाजी महागते हे त्याला माहीत नाही का?"

नव्हतंच माहीत. सीएसव्हीतला रकाना आरला नुसती आकड्यांची रांग वाटतो. टीएस फंक्शनमध्ये सुरुवात 2013 चा पहिला महिना आणि फ्रिक्वेन्सी 12, म्हणजे वर्षाला बारा आकडे, असं सांगितल्यावर रेषेला चढउतार आले.

मग 2020 आडवं आलं. लॉकडाऊनमुळे एप्रिल-मेमध्ये भाव नेहमीसारखे गोळा झाले नव्हते. माझ्या फाइलमध्ये त्या दोन महिन्यांपुढे आडवी रेघ होती. अशा ओळी गाळून टाकायचा मोह होतो. पण गाळल्या की जूनचा एप्रिल होतो, आणि तिथून पुढचा प्रत्येक पावसाळा दोन महिने आधी येतो. प्रोग्राम चुकूनही तक्रार करत नाही. मी त्या जागी एनए, म्हणजे आकडा उपलब्ध नाही, असं लिहिलं. अरिमाला ते चालतं. त्याच पॅकेजमधलं ईटीएस हे दुसरं फंक्शन मात्र मालिकेचा सलग असा सर्वांत लांब तुकडाच घेतं आणि तसा इशारा देतं. तो इशारा वाचावा.

सीएसव्हीची ये-जा कंटाळवाणी झाली, तेव्हा ग्रेटलची फॉरेन ही सोय सापडली. प्रेफरन्सेसमधल्या प्रोग्राम्स टॅबमध्ये आरचा पत्ता द्यायचा. मग ग्रेटलच्या स्क्रिप्टमध्येच आरच्या ओळी लिहिता येतात. सेंड-डेटा हा पर्याय लावला की आरमध्ये ग्रेटलडेटा नावाने सगळं पोचतं, आणि ग्रेटलमध्ये मालिका महिनावार ठरवलेली असेल तर तारखांसकट. माझं निम्मं काम इथेच हलकं झालं.

परतीची वाट जरा खडबडीत. आरकडून ग्रेटलकडे आकडे पाठवणाऱ्या ग्रेटल.एक्सपोर्ट या फंक्शनला मॅट्रिक्स देणं सोयीचं. आरमधला अंदाज म्हणजे मोठं गाठोडं, त्यातून मधला अंदाज आणि वरची-खालची मर्यादा तेवढी काढून मॅट्रिक्स करायचं. ग्रेटलमध्ये एमरीड या फंक्शनने ते वाचलं की पुन्हा नुसते आकडे, तारीख नाही. शिवाय डेटासेट शेवटच्या महिन्याला संपलेला, मग अंदाज ठेवायचे कुठे? आधी डेटासेट अ‍ॅडऑब्झने बारा महिने वाढवायचा, एसएमपीएलने नेमके तेच बारा महिने निवडायचे, मग मॅट्रिक्सचा रकाना सीरीज म्हणून भरायचा. लांबी जुळली नाही तर ग्रेटल अडून बसतं, ते बरंच आहे.

एक धोका मात्र मुकाट असतो. एक्सपोर्टची फाइल ग्रेटलच्या स्वतःच्या खासगी फोल्डरमध्ये (डॉटडिर) तशीच पडून राहते. आरचा भाग मध्येच फसला, तर एमरीड कालचीच फाइल उचलू शकतं आणि जुना अंदाज नवा म्हणून समोर येतो. मी आता स्क्रिप्ट चालवण्याआधी ती फाइल पुसते.