सामायिकाची ४८ मिनिटे

सामायिकाला बसल्यावर ४८ मिनिटे आसन सोडावयाचे नसते. साठीच्या पुढच्या कित्येक श्राविका अलीकडे स्थानकात दाराजवळची जागा धरतात किंवा येणेच सोडतात, आणि विचारले तर गुडघ्यांचे नाव सांगतात. माझ्या जाऊबाईंचेही गुडघेच दुखत होते. खोकला वा शिंक आली की लघवीचे थेंब जाऊन वस्त्र ओले होते, हे त्यांनी तीन वर्षे घरात कोणालाही कळू दिले नाही. त्यावर उपाय म्हणून त्या दिवसभर पाणी बेताचेच पीत, पुढे चौविहार होताच. पाणी तोडल्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला चाळवते, शिवाय बद्धकोष्ठ होते. म्हणजे दुखणे वाढतेच.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तीच सावरते. बाळंतपणे, रजोनिवृत्ती, जुनाट खोकला, शौचास कुंथणे, जड उचलणे यांनी ती सैल पडते. मग थेंब जातात, कोणाचे ‘अंग बाहेर येते’. वयाबरोबर हे चालायचेच, असे आपल्याकडे म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. अंग बाहेर येण्यावर मुंबईच्या डॉ. शिरोडकरांनी बसवलेली शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि या स्नायूंचा व्यायाम अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ मध्येच मांडला होता.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी जाऊबाईंची तपासणी केली, लघवी तपासली व तीन दिवस पाणी किती घेतले, किती वेळा जावे लागले याची नोंद मागितली. (व्यापाऱ्याच्या घरात रोजमेळ काय अवघड!) मग या स्नायूंचे काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. वायू रोखताना ओढतो तसे स्नायू आत व वर ओढून धरावयाचे, श्वास कोंडावयाचा नाही, नंतर पूर्ण सैल सोडावयाचे. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा. पुष्कळ जणी ओढण्याऐवजी खाली जोर देतात, तर काहींचे स्नायू मुळातच आखडलेले असतात व त्यांना हा व्यायाम बाधतो. म्हणून तो ऐकीव माहितीवर करू नये. अंग बाहेर येत असेल तर आधाराची रिंग बसवता येते, शस्त्रक्रिया प्रत्येकीला लागत नाही. लघवीत रक्त दिसल्यास मात्र त्वरित डॉक्टर गाठावा.

गुण येण्यास निदान तीन महिने नेमाने व्यायाम लागतो. अक्षय्य तृतीयेला आरंभ केला तर पर्युषणापर्यंत ते सहज भरतात.