रिळाचा रणगाडा

डेडलाइनच्या टेन्शनवर उतारा म्हणून रणगाड्याचं मॉडेल किट मागवलं. दोन वीकेंड झाले, बॉक्स अजून बंदच!

मी नगरचा. आता अहिल्यानगर, पण जिभेवरचं नगर काही जात नाही. १९९४मध्ये सुरू झालेलं आमचं रणगाडा म्युझियम शाळेच्या सहलीत पाहिलं. १९६५च्या युद्धात काबीज केलेला पाकिस्तानी पॅटन बघून आलो आणि हट्ट धरला, 'मला रणगाडा पाहिजे!'

आई शिलाईकाम करायची. तिने रिळातून रबरबँड ओवला. एकीकडे काडीचा तुकडा पक्का अडकवला, दुसरीकडे मेणबत्तीची चकती आणि लांब काडी. काडी फिरवून पीळ दिला, जमिनीवर ठेवला... आणि बॉस, निघाला की रणगाडा! पाटीचा चढही चढला.

परवा फोनवर विचारलं, 'तेव्हा रिकामं रीळ लगेच कसं मिळालं गं?'

'रिकामं कुठलं? नवंकोरं होतं. दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवला. पुढचे चार ब्लाउज त्यातलेच.'

आपण मात्र किट विकत घेतो आणि वेळ नाही म्हणतो, नाही का?

या शनिवारी बॉक्स घेऊन नगरला चाललोय. गोंद मी लावणार. पार्ट्स शोधून द्यायचं काम आईचं.