भूकंपाच्या आधी

माझ्या कीर्तनात सगळ्यात जास्त टाळ्या पडायच्या त्या भूकंपाला.

आख्यान बायबलमधल्या पौल आणि सीला यांचं. फिलिप्पै शहरात दोघांना छड्यांनी झोडपतात, आतल्या कोठडीत नेऊन पाय खोड्यात अडकवतात. मध्यरात्री ते प्रार्थना करतात, गाऊ लागतात. मग धरणी हादरते, दारं उघडतात, कैद्यांच्या बेड्या गळून पडतात. इथे मी कटाव घ्यायचो. तबलजीला खूण आधीच ठरलेली. लय चढत जायची, पेटी घुमायची, पेंगलेली पोरं डोळे चोळत उठून बसायची. त्यात मी शाळामास्तर, त्यामुळे हातवाऱ्यांना तोटा नाही.

एकदा नेवाशाकडच्या वाडीवर कीर्तन होतं. घरातला कर्ता मुलगा जाऊन महिनाही झाला नव्हता. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी जवळ आली. माझ्या वडिलांची कीर्तनं तिनं ऐकलेली. म्हणाली, ‘‘मास्तर, तू भूकंप लई घाईनं आणतोस रे. तुझा बाप आधी रात्र दाखवायचा.’’

घरी परतताना मोटारसायकलवर तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. खरं सांगायचं तर आधी राग आला.

आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. कृष्णराव सांगळ्यांनी ते रुजवलं. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी उपासनेत अभंग-ओवीची भाषा भरभरून आणली. नमन, पूर्वरंग, आख्यान, सगळा बाज नारदीयच. फक्त मध्यंतराला बुक्का नसतो. सगळी मंडळी मिळून टिळकांचं एखादं पद म्हणतात. वडील हे सगळं ऐकून ऐकून शिकले. पोटाला मात्र दुसऱ्याच्या शेतातली मजुरी.

म्हातारी म्हणत होती ती रात्र मी पाहिली होती. १९७२चा दुष्काळ. आईवडील दोघंही सरकारी कामावर खडी फोडत होते, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. पेटी धान्यापायी विकून झालेली. संध्याकाळी खडीच्या ढिगाशेजारी कंदील ठेवून वडील उभे राहिले आणि साथीला नऊ वर्षांचा मी, झांज घेऊन. कोठडीतलं पद त्यांनी इतक्या खालच्या सुरात धरलं की झांज कुठे वाजवायची हेच मला कळेना. पद संपतच नव्हतं. मला वाटलं, दिवसभर हातोडा चालवून दमलेत. समोर सगळ्या जातीधर्मांची माणसं, फोड आलेले तळवे वर करून बसलेली. भूकंप दोन ओळींत उरकला. त्याची आठवणही कुणी काढली नाही.

म्हातारीच्या बोलण्यानंतर बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय मी पुन्हा काढला. गाण्याच्या वेळी दोघांच्या पाठी फुटलेल्या आहेत. दारं उघडतील असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आणि तिथे एक बारीकशी नोंद आहे, इतकी वर्षं मी जिच्यावरून उडी मारून गेलो होतो: बाकीचे कैदी ऐकत होते. खडीच्या ढिगाजवळही तेच चाललं होतं.

पूर्वरंगाला मी याच पौलानं पुढे फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र घेतो. तेही कैदेतून लिहिलेलं. चारच अध्याय, पण आनंदाचा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पूर्वी मी तो शुद्धलेखन घातल्यासारखा सांगायचो: मंडळी, दुःखात आनंद माना! ज्या घरात पोरगा गेलाय तिथे हे म्हणायला माणूस फार निबर असावा लागतो. पत्रात तसा हुकूम सोडणारा माणूस मला आता दिसत नाही. त्याचा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचलाय. तो गेला असता तर दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल सरळ कबूल करतो. लिहिता लिहिता एके ठिकाणी रडतोही. आपण जगणार की मरणार हेही त्याला ठाऊक नाही. आनंद आहे तो या सगळ्याच्या शेजारी बसलेला.

आता पद बदललंय. राग मालकंसच, मध्यरात्रीचा. पण पूर्वी तार सप्तकात भिरकवायचो तो आता मंद्रात ठेवतो. तबला बंद. पेटीवाल्याला सांगितलंय, नुसता षड्ज धर. माझा आवाज तिथे फाटतो. तो झाकण्याची धडपड सोडून दिली. भूकंपानंतर तुरुंगाचा नायक त्या दोघांच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुतो, तिथे वेळ घेतो. पाण्याचा रंग बदलेपर्यंत.

टाळ्या कमी झाल्या. तबलजी कुरकुरतो, त्याचं बरोबरच आहे. त्याची मोठी जागा मी काढून घेतली.

परवा शेवगावकडे पदाच्या तिसऱ्या आवर्तनाला माझा श्वास संपला. मी थांबलो, तर मागून, बायकांच्या बाजूने कुणीतरी ध्रुपद उचललं. मग दोघी-तिघींनी. दिव्याच्या उजेडापलीकडे कोण गातंय ते दिसत नव्हतं. तबलजीनं हात उचलून माझ्याकडे पाहिलं, आणू का?

मी मान हलवली. अजून नको.